कड्याखालचे गाव

दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास असते. अमुक संस्थेच्या गिर्यारोहकांनी तमुक सुळका 'सर' केला. सोबत छायाचित्र. माथ्यावर हेल्मेट घातलेली चार-पाच मुले-मुली, हातात तिरंगा किंवा भगवा, आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांवर मावत नसलेले हसू. ती बातमी वाचून मला आनंदच होतो. अशा छायाचित्रांत मीही कधीकाळी उभा राहिलेलो आहे. पण 'सर' या शब्दापाशी मी दर वेळी थोडा थबकतो. गड सर होतो, मुलूख सर होतो. हा लढाईतला शब्द आहे आणि लढाई म्हटली की कुणीतरी हरलेले असावे लागते. सुळका कुणाशी लढला होता? आपण त्याच्या अंगावर चार-सहा तास लोंबकळलो, माथ्यावर घटकाभर बसलो आणि उतरून घरी आलो. तो होता तिथेच आहे.

सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावत हिंडण्यात माझी चाळीसेक वर्षे गेली. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मी बहुतेक वेळा पायथ्याशी बसून नव्या मुलांचा दोर धरतो. या साऱ्या वर्षांतून माझे एक मत बनले आहे. प्रस्तरारोहणाची खरी कमाई माथ्यावर नसते. ती कड्याच्या अंगात असते आणि कड्याखालच्या गावात असते. दोर, मेखा, कॅरॅबिनर ही सगळी तिथवर नेणारी साधने. नुसता माथा गाठून परतलेला माणूस मला पत्र न फोडता पाकिटावरचे तिकीट न्याहाळणाऱ्यासारखा वाटतो.

आधी चढून गेलेले

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रस्तरारोहणात एक जण पुढे चढतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर असतो आणि त्या दोराचे दुसरे टोक खालच्या साथीदाराच्या हाती. चढणारा वाटेत कातळाच्या भेगेत मेख ठोकतो किंवा फटीत बसेल असा धातूचा तुकडा अडकवतो आणि त्यातून आपला दोर ओवून घेतो. पाय सुटलाच, तर खालचा साथीदार दोर आवळून त्याला धरतो. या दोर धरण्याला 'बिले देणे' म्हणतात. चढणाऱ्याचे नाव होते. पण त्याचा जीव खाली मान वर करून तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीत असतो. मोहिमेवर कोण कसा आहे हे मला माथ्यावर कधीच कळले नाही. ते दोर धरताना कळले.

आपल्याकडे हा खेळ संघटितपणे सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था सुरू झाली. पुढच्या काही दशकांत मुंबई, पुणे, नाशिक आणि कितीतरी लहान गावांतून मंडळे उभी राहिली. आमच्या उमेदीच्या काळात सामान मिळत नसे, परवडतही नसे. मेखा ओळखीच्या लोहाराकडून घडवून घ्यायच्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट आणि एकाच दोरावर साऱ्या मंडळाची मालकी.

पण आम्हीच पहिले, असे म्हणण्याची सोय सह्याद्रीत नाही. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा रात्री चढले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी पन्हाळ्यावर चढला. त्यांच्याकडे ना हेल्मेट होते, ना नायलॉनचा दोर. यशवंती घोरपडीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. ती दंतकथा म्हणून बाजूला ठेवली, तरी उभ्या कड्यावर छिन्नी-हातोड्याने पायऱ्या आणि पाण्याची टाकी खोदणारे पाथरवट काही दंतकथा नव्हते. एखाद्या अवघड जागी आपण धापा टाकत हात वर टाकावा आणि बोटे नेमकी एका खोदीव खोबणीत बसावीत, असे मला अनेकदा झाले आहे. ती खोबणी कोणी खोदली, कशावर उभे राहून खोदली, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. तिथे 'सर' हा शब्द तोंडातून निघत नाही.

जीवधन, अलंग, मदन या गडांवर याचे दुसरे टोक दिसते. १८१८ मध्ये मराठी सत्ता गेली, त्यानंतर इंग्रजांनी सुरुंग लावून या गडांच्या पायऱ्या उडवल्या. गड पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत हा हेतू. आज अलंग-मदनला जाणारी मुले ज्या टप्प्यावर दोर लावतात, तो टप्पा निसर्गाने अवघड केलेला नाही. तिथे तुटलेल्या पायऱ्यांची मुळे अजून दिसतात. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपणारे १८१८ साल तिथे आपल्या पायाखाली रिकामे असते.

पोटाशी धरलेला कातळ

रस्त्यावरून पाहिले तर सह्याद्रीचा कडा म्हणजे एक काळा पडदा. त्याला पोटाशी धरून चढायला लागले की तो पडदा उलगडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हारस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. असे एकावर एक थर साचून आपले दख्खनचे पठार बनले. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. दूरून पाहिले की डोंगर खरोखरच जिन्यासारखे पायरी-पायरीचे दिसतात.

चढणाऱ्याला या पायऱ्यांचे कारण बोटांनी कळते. लाव्हाच्या प्रत्येक थराचा गाभा टणक असतो. तिथे खडक घट्ट, धार लागलेला, मेख ठोकली की खणखणीत आवाज देणारा. थराचा वरचा भाग मात्र थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. तिथे आवाज भसका येतो आणि हातातला दगड निखळू शकतो. त्या छिद्रांत पुढे पांढरी स्फटिके भरली. उन्हात ती साखरेसारखी चमकतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या विटेसारखा तांबडा पट्टा लागतो. एक लाव्हा थंडावला, त्यावर माती तयार झाली आणि नंतरच्या लाव्हाने ती भाजून काढली, त्याची ही खूण. त्या पट्ट्यावर हात ठेवताना मला नेहमी वाटते, की आपण दोन ज्वालामुखींच्या मधल्या शांततेवर हात ठेवला आहे.

ही माहिती पुस्तकातही मिळते. पण कड्यावर तिचा माणसांशी असलेला संबंध दिसतो. मऊ थर झिजला की कड्याला आडवी पट्टी पडते. त्या पट्टीवरून गुरांची वाट जाते. वरून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थराला अडते आणि पट्टीच्या आसपास पाझरते. तिथे झरा असतो, टाके खोदलेले असते, कधी लेणे असते, शेंदूर लावलेला देव असतो. खालच्या रुंद पदरावर माती साचते. तिथे नाचणी-वरईचे शेत आणि शेताशेजारी दहा घरांची वाडी. त्या घरांच्या कुडाला लागते कारवी, आणि कारवी वाढते वरच्या उतारावर. सात-आठ वर्षांनी एकदा ती फुलते, सारा डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि बी धरून ती सगळी एकदमच वाळते. लाव्हा, पाणी, माती, झुडूप, माशी, घर असा एक धागा आहे. कड्यावर उभे राहिले की तो एका नजरेत सापडतो.

जीवधनच्या शेजारचा वानरलिंगी सुळका चढताना हे फार चांगले कळते. माथ्यावर बसले की एका बाजूला घाटावरची भातखाचरे, दुसऱ्या बाजूला तुटलेला कडा आणि खाली पसरलेले कोकण. मध्ये खिंडीसारखा नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांचे तांडे कोकणातून जुन्नरला याच वाटेने चढत. तिथल्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे सांगतात. खाली गुहेत उभे राहून हे सगळे वाचता येते. पण वाट इथेच का, हा प्रश्न वर बसल्यावर सुटतो. आजूबाजूला मैलोन्‌मैल अखंड कडा आहे आणि इथेच काय ती फट आहे.

नावे देणारी माणसे

नकाशावर जिथे आम्हाला नुसता डोंगर दिसतो, तिथे पायथ्याच्या महादेव कोळ्याला, ठाकराला किंवा धनगराला वीस नावे दिसतात. पाणी उतरते ती नाळ. तिच्याहून अरुंद ती घळ. डोंगराची उतरती रांग ती सोंड, तिची पाठ ती धार. दोन डोंगरांमधली उतरण्याजोगी जागा ती बारी. शिडीसारखी चढणारी वाट ती निसणी. कड्याखालचा सपाट पट्टा तो पदर. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक सूचना आहे. 'नाळेने जाऊ नका, धारेने जा,' असे गावकरी सांगतो तेव्हा नाळेत दगड सुटतात, हे त्याने त्या चार शब्दांत सांगितलेले असते.

आम्ही एका मोहिमेत कड्याच्या मध्यावरच्या पट्टीवर पोहोचलो. दोन दिवस लागले होते. मेखा, दोर, सगळे यथासांग झाले होते. पट्टीवर चुलीचे तीन दगड होते आणि जवळच शेळीच्या लेंड्या. पलीकडच्या बाजूने शेळ्यांमागे एक बाई आली, आम्हाला पाहून डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "कुठून आलात, दादा?" आम्ही खाली बोट दाखवले. तिने वाकून कडा पाहिला, आमचे दोर पाहिले आणि शांतपणे विचारले, "वाट ठावं नव्हती का?"

आम्ही हसत सुटलो आणि तीही हसली. ती अनवाणी होती. तिची वाट आम्ही उतरताना वापरली. ती सोपी मुळीच नव्हती. उन्हाळ्यात त्याच वाटेच्या खालच्या टप्प्यावरून बायका हंडे घेऊन येतात. आपल्या डोंगरांवर पावसाळ्याचे चार महिने धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पायथ्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसाचे पाणी अडवले आहे. तानसा धरण तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. त्याच तालुक्यातल्या कित्येक वाड्या उन्हाळ्यात कोरड्या असतात. हे सगळे मी घरी नळाखाली तांब्या धरताना कधी जोडून पाहिले नव्हते. कड्यावर पाठीवरच्या बाटलीतले शेवटचे चार घोट चौघांत वाटून घेतले आणि खाली आल्यावर कुणीतरी आपल्या हंड्यातला तांब्या पुढे केला, तेव्हा ते आपोआप जोडले गेले.

कपारीतले बिऱ्हाड

आता एक सविस्तर गोष्ट सांगतो. १९९१ च्या डिसेंबरातली आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका पाड्याच्या वर उभी असलेली भिंत चढायची, असे आम्ही ठरवले होते. नऊ जण, चार दिवसांची रजा, शिधा, वर्गणी काढून घेतलेला नवा दोर. पाड्यावर मुक्काम टाकला. रात्री शेकोटीपाशी तिथले एक म्हातारबाबा येऊन बसले. कुठून चढणार, ते त्यांनी विचारले. आम्ही सकाळी हेरून ठेवलेली रेघ सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तितं मधल्या कपारीला गिधाडांचं बिऱ्हाड हाय. आता अंड्यावर बसल्यात. तुमी गेलात का उठतील."

आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, पक्ष्यांसाठी मोहीम कोण सोडतो? दुसरा म्हणाला, पलीकडून रेघ काढू. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पोरांनो, ढोर मेलं का आमी तितं खाली वढून टाकतो. दोन दिवसांत हाडं ऱ्हातात. वास न्हाई, रोग न्हाई. ती गेली तर आमी काय करायचं?"

आम्ही ती भिंत सोडली. शेजारच्या एका लहान सुळक्यावर सराव केला आणि परत आलो. त्या चार दिवसांत मात्र मी दुर्बिणीने ती कपार रोज पाहिली. लांब चोचीची गिधाडे होती. ही जात कड्याच्या कपारीत घरटी करते, वर्षातून एकच अंडे घालते, आणि तिचा विणीचा काळ साधारण हिवाळ्यात सुरू होतो. आमचा चढाईचा हंगामही तोच. पावसाळा संपला, कातळ वाळला, ऊन सोसवते आहे, अशी वेळ आम्हालाही हवी असते आणि त्यांनाही. एकच अंडे असताना घरट्यावरून एकदा उठावे लागणे म्हणजे त्या जोडीचे वर्ष बुडणे.

बारा वर्षांनी मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. कपार रिकामी होती. बाबा थकले होते, पण त्यांना आम्ही आठवत होतो. "कुनी मारली न्हाईत," ते म्हणाले. "मान खाली घालून बसायची. बसायची आन्‌ पडायची. एकेक करून गेली." आता मेलेल्या ढोरावर कुत्री येत होती.

कारण पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, शास्त्रज्ञांनी जाहीर केले. गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिलेले ढोर लवकर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. शेकडा एखाद्या ढोराच्या अंगात औषध असले तरी सगळा थवा नाहीसा व्हायला ते पुरते, कारण एका ढोरावर कितीतरी गिधाडे उतरतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही बंदी आली. २०२३ मध्ये तसाच घात करणारी आणखी दोन औषधे, केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक, जनावरांसाठी बंद झाली. उरलेली गिधाडे वाढायला वर्षे लागतील. वर्षाला एकच अंडे.

या गोष्टीचे तात्पर्य काय, असे मला व्याख्यानांत विचारतात. आम्ही दोर गुंडाळून परत आलो, तरी ती गिधाडे वाचली नाहीत, मग उपयोग काय झाला? मला वाटते, दोन गोष्टी झाल्या. ज्याला आम्ही नुसती भिंत समजत होतो, तिचा गोठ्यातल्या आजारी गाईशी, औषधाच्या दुकानाशी आणि गावाच्या आरोग्याशी संबंध आहे, हे आम्हा नऊ शहरी मुलांना कळले. आणि शास्त्रज्ञांचे निष्कर्ष यायच्या आधी कितीतरी वर्षे, पक्षी गेले तर काय होईल हा प्रश्न पाड्यावरच्या एका माणसाने नेमका विचारला होता. त्याला विचारायला कुणी गेले नव्हते, एवढेच.

देवाचा माथा

कर्जत-मावळच्या सीमेवर ढाकचा बहिरी आहे. शेजारीच कळकरायचा सुळका. बहिरीची गुहा उभ्या कड्यात आहे आणि तिथे जायला कातळाला बिलगून, खोबण्यांत बोटे अडकवून जावे लागते. सरावलेल्यालाही खाली पाहिले की घाम फुटतो. आसपासचे भाविक तिथे अनवाणी जातात. गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि देवाची भांडी आहेत. कुणीही यावे, त्या भांड्यांत रांधावे, जेवावे, घासून जागच्या जागी ठेवावे. कुलूप नाही, रखवालदार नाही. भांडे नेणाऱ्याला बहिरी पाहून घेतो, ही श्रद्धा. श्रद्धा तुम्ही माना किंवा मानू नका. सगळ्यांची वस्तू सगळ्यांनी सांभाळायची ही व्यवस्था तिथे चालते. शहरातल्या बागेतल्या नळाची तोटी आठवड्यात नाहीशी होते, हे आठवले की बहिरीची भांडी फार मोठी वाटू लागतात.

डोंगर देवाचा आहे, या भावनेचा मान गिर्यारोहकांनी जगात अनेक ठिकाणी राखला आहे. १९५५ मध्ये जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड कांचनजुंगाच्या माथ्याजवळ पोहोचले आणि काही पावले अलीकडे थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र. १९५७ मध्ये नेपाळच्या माच्छापुच्छ्रेवरून माथ्याखाली थोड्या अंतरावर तुकडी परतली. त्यानंतर ते शिखर चढाईसाठी बंदच आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या सुळक्यावर मूळ रहिवाशांचे विधी जूनमध्ये होतात, म्हणून १९९५ च्या आराखड्यात गिर्यारोहकांना त्या महिन्यात आपणहून न चढण्याची विनंती करण्यात आली. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूवर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद झाले. तिथले आनंगू लोक कित्येक वर्षे नम्रपणे 'चढू नका' असे सांगत होते.

यावर कुणी म्हणेल, असे केले तर चढायला उरणार काय? भरपूर उरते. सह्याद्रीत सुळक्यांना तोटा नाही. प्रश्न फक्त आधी विचारण्याचा आहे. माझ्या अनुभवात गावाने सहसा 'नको' म्हटलेले नाही. 'या बाजूने जा', 'जत्रा होऊ द्या', 'वर चपला नेऊ नका', एवढेच म्हटले आहे. एके ठिकाणी तर आमच्याकडून नारळ घेऊन गावच्या पुजाऱ्यानेच तो पायथ्याला वाढवला आणि आमची पहिली मेख ठोकेपर्यंत तो हात जोडून उभा होता. त्याला आमच्या जिवाची काळजी होती.

गर्दीचे दिवस

आता डोंगरात माणसे वाढली आहेत. हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर शनिवार-रविवारी रांग लागते. वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांच्या खांद्यावरून वाट काढतात. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, २०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह बारा दुर्गांना तोच मान मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. पण मान मिळाला की माणसे येतात, आणि माणसांबरोबर प्लॅस्टिक येते, ध्वनिक्षेपक येतात, टाक्यात पोहणारे येतात. ज्या टाक्याचे पाणी कुणाच्या तरी गुरांना मे महिन्यापर्यंत पुरायचे असते, त्यात साबण लावून अंघोळ करणारे मी पाहिले आहेत.

चढाईचे तंत्रही बदलले. यंत्राने भोक पाडून कातळात कायमचे बोल्ट ठोकणे आता सोपे आहे. त्याने अपघात कमी होतात, हे मी मान्य करतो. मुलांचा जीव कातळाच्या शुद्धतेपेक्षा मोठा. पण प्रत्येक भिंतीवर प्रत्येकाने आपली नवी रेघ ठोकायची, तर कड्याची चाळण होईल. भेगा साफ करताना उपटले जाणारे गवत आणि झाडोरा हा केवळ कचरा नसतो. कंदीलपुष्पाच्या काही जाती फक्त सह्याद्रीत आहेत आणि त्यांतल्या काही तर मोजक्या कड्यांवरच उरल्या आहेत. बोटभर मातीत त्यांचा कंद असतो.

दुसरीकडे, कृत्रिम भिंतीवरचा खेळ शहरात छान रुजला आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत झाली. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, क्लाइंबिंगला पहिल्यांदा स्थान मिळाले. आज दहा वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर भिंतीवर जाऊन असे काही चढते की आम्ही तोंडात बोट घालावे. तिचे मला मनापासून कौतुक आहे. पण त्या भिंतीवर माशी नसते, झरा नसतो आणि भिंतीखाली गाव नसते. तेवढ्यासाठी तिने डोंगरात यायला हवे.

मुलांना पाठवताना

'मुलगा चढाईच्या शिबिराला जातो म्हणतो, पाठवू का?' असे अनेक आईबाप विचारतात. अवश्य पाठवा. मुलींनाही पाठवा. शिकवणारे प्रशिक्षित आहेत का, हेल्मेट आणि दोर चांगले आहेत का, जवळच्या दवाखान्याची चौकशी केली आहे का, हे तर विचाराच. त्याबरोबर आणखी थोडे विचारा. पायथ्याच्या गावाला आधी कळवले आहे का? वाटाड्या गावातला आहे का, आणि त्याला योग्य मोबदला मिळतो का? कपारीत घरटी आहेत का, हे कुणी पाहून आले आहे का? आग्या मोहोळ कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नात जिवाचाच प्रश्न असतो. मोहोळाखाली धूर, अत्तर, आरडाओरडा यांतले काहीही माश्यांना उठवते, आणि दोरावर टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कुठल्या कड्याला कुठल्या महिन्यात मोहोळ लागते, हे मध काढणारा गावकरीच सांगू शकतो. जी संस्था त्याला विचारते, तिच्या हाती मुलाचा दोर द्यायला हरकत नाही.

मुलगा परत आला की 'किती फूट चढलास?' हे विचाराच, त्याला ते सांगायचे असते. मग विचारा, तिथे पाणी कुठून येते? कड्याचे नाव काय, आणि ते कोणी ठेवले? रात्री कुणाच्या अंगणात जेवलात? भाकरी कशाची होती? पहिल्या वेळी त्याला सगळी उत्तरे येणार नाहीत. दुसऱ्या वेळी तो उत्तरे घेऊनच येईल, कारण घरी विचारणार आहेत हे त्याला ठाऊक असेल.

सह्याद्रीचे कडे कोट्यवधी वर्षे झिजत आहेत आणि आपल्या दोरांनी त्यांचे काही फारसे बिघडत नाही. बिघडू शकते ते त्यांच्या अंगाखांद्यावरचे नाजूक सगळे: एक अंडे, एक कंद, एक टाके, आणि 'नाळेने जाऊ नका, धारेने जा' असे सांगणारा एक माणूस. त्यांची ओळख करून घ्यायला कडा चढण्याइतका चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही. एवढेच सांभाळावे, की चढायला लागण्यापूर्वी खालच्या गावात थांबावे, कुणाच्या तरी ओट्यावर टेकावे, आणि विचारावे.